वा, गा, नि, दे... डोकं गरगरलंय, कोणी मराठीतून समजावेल का?

ठाणेकर_गोंधळी

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहतो, ऑफिस ऐरोलीला, आयटीत आहे. आमच्या टीमला जपानचं काम मिळालंय आणि साहेब म्हणाले की जो एन ५ (जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी) पास होईल त्याचं नाव पुढे पाठवू, म्हणून शनिवार-रविवारचा जपानीचा क्लास लावला. तीन महिने झाले. त्यांच्या लिप्यांपैकी हिरागाना झालं, काताकाना वाचतो पण रडतखडत, शब्द दीड-दोनशे पाठ असतील. इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं आणि मग आले पार्टिकल्स, म्हणजे शब्दामागे लागणारे छोटे छोटे प्रत्यय. जपानीत त्यांना जोशी म्हणतात, आमच्या बॅचमध्ये एक खरे जोशी आहेत, त्यांना त्यावरून रोज ऐकावं लागतं ते वेगळं.

तर मुद्दा. क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून चालतं. पहिल्या दिवशी सांगितलं की 'वा' म्हणजे इज. बरं. मग 'देस' म्हणजे काय विचारलं तर ते पण इज. दोन दोन इज कशाला लागतात एका वाक्यात? आणि लिहायचं 'हा' आणि वाचायचं 'वा', हे अजून वेगळंच. मग 'गा' आला, तो म्हणे कर्त्याला लागतो, पण 'वाताशि वा सुशि गा सुकि देस' यात आवडणारा मी आहे ना, मग 'गा' सुशीला का चिकटला?

मागच्या रविवारी टेस्ट झाली. 'मी ठाण्यात राहतो' ला मी 'दे' लावला, चूक. 'मी ऑफिसात काम करतो' ला घाबरून 'नि' लावला, ते पण चूक. मराठीत दोन्हीकडे 'त' आहे राव, इंग्रजीत दोन्हीकडे इन किंवा ॲट, मग ह्यांचंच काय वेगळं? २० पैकी ७ मिळाले. दहावीनंतर एवढे कमी मार्क पहिल्यांदा पडलेत.

शब्दांचं पण तेच, रात्री पाठ करतो आणि सकाळी घणसोली येईपर्यंत (झोप लागली की ऐरोली मागे पडतं) अर्धे उडालेले असतात. कोणी या वाटेने गेलेलं आहे का? प्लीज मराठीतून सांगा, इंग्रजीतून आता नको.

---

नेरुळची_ताई

अरे सगळ्यात आधी ते 'वा म्हणजे इज' डोक्यातून काढून टाक. मी पण तेच शिकले होते आणि वर्ष वाया गेलं.

तू मामलेदारची मिसळ खायला गेलायस चौघांबरोबर, वेटर ट्रे घेऊन येतो आणि ओरडतो, "मिसळ कोण?" तू हात वर करून म्हणतोस, "मी मिसळ, हा लस्सी." आता तू काय मिसळ आहेस का? कोणाला तरी त्यात काही चुकल्यासारखं वाटतं का? नाही, कारण 'मी' म्हणजे 'माझं विचारशील तर'. हाच 'वा'. जपानी माणूस हॉटेलात खरंच म्हणतो, 'वाताशि वा कोऽहीऽ देस'. मी कॉफी. इज लावून बघ, तू कॉफी होशील. 'वा' फक्त सांगतो की आता कशाबद्दल बोलतोय, पुढे त्याचं काय ते येईल. 'आहे'चं काम 'देस' करतो.

म्हणूनच 'कॉफी पितो पण चहा मात्र नाही पीत' हे 'कोऽहीऽ वा नोमिमास गा, ओच्या वा नोमिमासेन' असं होतं. दोन्हीकडे 'वा', कारण कॉफीचं विचारशील तर असं, चहाचं विचारशील तर तसं. (मधला 'गा' म्हणजे 'पण', तो वेगळा गडी आहे, आत्ता त्याच्याकडे बघू नकोस.)

आता 'गा'. 'कोण आलं?' असं विचारलं की 'दारे गा किमाश्ता का', तिथे 'वा' कधीच येत नाही, कारण कोण तेच माहीत नाही तर त्याच्याबद्दल काय बोलणार? आणि उत्तरालाही 'गा'च लागतो, 'हाहा गा किमाश्ता', आई आली. 'मीच जातो' मधला 'मीच' बरेचदा 'वाताशि गा' होतो. आणि खिडकीतून बाहेर बघून एकदम 'अरे पाऊस पडतोय' म्हणतोस ना, तिथेही 'आमे गा', कारण विषय आधी निघालेलाच नाही, बातमी नवीन आहे.

आणि तुझ्या सुशीचं उत्तर तर तुझ्या तोंडातच आहे. इंग्रजीत 'आय लाइक सुशी', आवडणारा कर्ता. पण तू मराठीत काय म्हणतोस? 'मला सुशी आवडते'. इथे क्रियापद कोणामागे चाललंय? सुशीमागे! 'मला सुशी आवडते', 'मला पोहे आवडतात', तू तोच आहेस, बदलतंय ते खाणं. जपानीत अगदी हेच आहे, खाण्याला 'गा' आणि तू बाजूला 'वा' लावून उभा. तसंच 'मला जपानी कळतं', निहोन्गो गा वाकारिमास. 'मला गाडी पाहिजे', कुरुमा गा होशीऽ देस. 'मला पोहता येतं'चं पण तसंच. 'माझं डोकं दुखतंय' पण आतामा गा इताइ. जिथे जिथे मराठीत 'मला' लागून बाकीचं वाक्य आपलं आपण चालतं तिथे 'गा' मनात आणून बघ, दहातले आठ बरोबर येतील. हे इंग्रजीतून शिकवणारे तासभर फळ्यावर समजावतात आणि आपल्याकडे ते जन्मापासून आहे.

'नि' आणि 'दे' आता सांगते, कुकर लावून येते.

---

नेरुळची_ताई

आले. 'दे' म्हणजे जिथे काहीतरी घडतं ती जागा. ऑफिसात काम, घरी अभ्यास, हॉटेलात जेवण, सगळं 'दे'. 'नि' म्हणजे जिथे वस्तू किंवा माणूस आहे, राहतो, टेकतो, पोचतो. म्हणून ठाणे नि सुन्दे इमास पण काइशा दे हाताराकिमास. टेबलावर पुस्तक आहे, नि. खुर्चीवर बसतो, नि. वाशीला जातो, नि. राहणं हे त्यांच्या हिशोबात 'असणं' आहे, कामधंदा नाही. तुला वाटत असेल ठाण्यात राहणं हे मोठंच काम आहे, विशेषतः घोडबंदरला, पण जपानी व्याकरण ते मानत नाही.

शिवाय 'दे' म्हणजे आपला 'ने'. लोकलने = देन्शा दे. हाताने = ते दे. आणि 'जपानीत बोला' म्हणताना आपण 'त' लावतो पण तिथे भाषा हे साधन आहे, म्हणून निहोन्गो दे.

वेळेला पण 'नि'. सात वाजता, शिचिजि नि. सोमवारी, गेत्सुयोऽबि नि. पण आज, उद्या, रोज याला काही नाही, आणि मराठीत तरी कुठे असतं? 'सोमवारी' म्हणतोस पण 'उद्याला' म्हणतोस का? (विदर्भातले लोक म्हणतात, त्यांनी रागावू नये.)

---

घणसोली_घुबड

ताईंचं मिसळीचं उदाहरण एकदम भारी, पण एका गोष्टीवर मी सहमत नाही म्हणून रात्री दीड वाजता टायपतोय. मराठी विभक्तीवरून जपानी लावायला गेलं की सुरुवातीला फार सोपं वाटतं आणि मग 'ला' येतो आणि मुस्कटात मारतो. मी स्वतः याच भानगडीत एन ४ ला एकदा आपटलोय.

बघ. मित्राला भेटतो, तोमोदाचि नि आइमास. आईला विचारतो, हाहा नि किकिमास. म्हणजे 'ला' म्हणजे 'नि' असं मनात पक्कं केलं. आता कुत्र्याला बघतो. नि? नाही, इनु ओ मिमास. मुलाला उठवतो, कोदोमो ओ. आणि 'मला आवडतं' मधला 'ला' तर वर ताईंनीच 'वा' केलाय. एक 'ला', तीन जोशी. उलट बाजूने 'पाणी पितो' यात मराठीत पाण्याला काहीच लागत नाही, म्हणून आपण 'मिझु नोमिमास' म्हणून मोकळे होतो, तिथे 'ओ' पाहिजे, मिझु ओ नोमिमास. बोलताना जपानी लोक पण गाळतात पण पेपरात गाळलास तर मार्क जातो. (हा 'ओ' लिहिताना वेगळं अक्षर आहे, 'व' च्या ओळीतलं, साध्या ओ चं नाही.)

आणि 'त' बद्दल. बागेत फिरतो. ताईंच्या नियमाने घडतंय म्हणून 'दे' लावशील, पण बागेतून चालत जाणं असेल तर कोऽएन ओ आरुकिमास. गाडीत चढतो 'नि', देन्शा नि नोरिमास. गाडीतून उतरतो, इथे तर 'ओ', देन्शा ओ ओरिमास. नोकरीला आहे म्हणताना हाताराकु धरलंस तर 'दे' आणि त्सुतोमेरु धरलंस तर 'नि', दोन्हीचा अर्थ जवळपास तोच!

म्हणून माझं म्हणणं, क्रियापद एकटं पाठच करू नकोस. वहीत 'आउ म्हणजे भेटणे' असं लिहूच नको, 'नि आउ' लिही. 'नि नोरु', 'ओ ओरिरु', 'गा वाकारु', 'नि सुमु'. शेपटासकट पकड. आपण तरी कुठे नियम लावून बोलतो, 'कुत्र्याला घाबरतो' आणि 'कुत्र्यावर चिडतो' हे शाळेत कोणी शिकवलं होतं? कानाला लागलं तसं बोलतो.

---

नेरुळची_ताई

घुबडदादा मान्य, 'ला' चं खरंय, मी ते लिहायला पाहिजे होतं. पण अगदी नवीन माणसाला आधी धरायला काहीतरी लागतं हो, नाहीतर नुसतं पाठांतर करून तो पळून जाईल. आधी अंदाज, मग अपवाद. आणि काही जोशी तर आयतेच जुळतात: मो म्हणजे 'पण' किंवा 'ही', वाताशि मो, मी पण. नानि म्हणजे काय, आणि नानि मो ताबेमासेन म्हणजे काहीही खात नाही, अगदी 'काही' आणि 'ही' सारखंच जोडलंय. दारे मो इमासेन, कोणीही नाही. नो म्हणजे चा-ची-चे, आणि त्यात लिंग-वचनाची कटकट पण नाही, मित्राच्या बहिणीची बॅग, तोमोदाचि नो इमोऽतो नो काबान, सगळीकडे नो. प्रश्नाला शेवटी का. इकिमास का, जाता का. योगायोग आहे, पण फुकटचा मिळतोय तर घ्या. शेवटचा 'ने' म्हणजे आपला 'ना', छान आहे ना, ईऽ देस ने.

---

रबाळे_रिटर्न्स

एक भर. हिरागानाचा तक्ता परत बघ. अ इ उ ए ओ, मग क स त न ह म य र व. ओळखीचं वाटतंय? बौद्ध भिक्षू संस्कृतसाठी सिद्धम् लिपी शिकायचे, त्या अभ्यासातून हा क्रम बसला. 'ह' च्या जागी जुन्या जपानीत 'प' होता, म्हणजे न नंतर प मग म, एकदम आपली मुळाक्षरं. डिक्शनरी पण याच क्रमाने असते, त्यामुळे आपल्याला शब्द शोधायला वेळ लागत नाही.

आणि तो एकटा 'न' म्हणजे आपला अनुस्वार. लिहायचं शिनबुन, तोंडातून येतं शिम्बुन, जसं 'अंबा' मध्ये म आणि 'गंगा' मध्ये ङ आपोआप येतो. आमच्या क्लासमध्ये यावर अख्खं लेक्चर झालं, मराठी पोरं जांभया देत होती.

---

ठाणेकर_गोंधळी

बापरे, तुम्ही लोकांनी जेवढं सांगितलं तेवढं तीन महिन्यात नाही कळलं. ताई, मिसळ वाचून लोकलमध्ये एकटाच हसलो, शेजारचे काका बघायला लागले. आज येताना प्रयत्न केलाय, तपासाल का? न बघता लिहिलंय, शप्पथ.

माइनिचि शिचिजि नि ओकिमास.
ठाणे कारा ऐरोली मादे देन्शा दे इकिमास.
ऐरोली दे देन्शा नि ओरिमास.
काइशा नि ओबेन्तोऽ ताबेमास.
क्योऽ नि तोमोदाचि नि आइमास.
वाताशि वा पोहे ओ सुकि देस.

---

घणसोली_घुबड

पहिली दोन एकदम करेक्ट. 'कारा-मादे' म्हणजे पासून-पर्यंत, ते कोणाचंच चुकत नाही. तिसऱ्यात 'ऐरोली दे' बरोबर आहे, शाब्बास, पण देन्शा ओ ओरिमास. परवाच सांगितलं ना रे! चौथं, डबा खाणं ऑफिसात घडतंय, काइशा दे, आणि डब्याला 'ओ' राहिला. पाचवं, क्योऽ म्हणजे आज, त्याला नि नको, पण तोमोदाचि नि बरोबर. सहावं ताईंनी बघावं, त्यांच्या मिसळीचा अपमान आहे.

---

नेरुळची_ताई

पोहे गा सुकि देस!! मला पोहे *आवडतात*. पोहे आवडतायत, तू नाहीस.

---

तुर्भे_ते_तोक्यो

पार्टिकल्सचं झालं म्हणून शब्दांवर लिहितो. मी दोन वर्षं तिकडे होतो, आता परत तुर्भ्यात. इंग्रजी अर्थ समोर लिहून शब्द पाठ करणं सोड, अर्धा घोळ तिथे आहे.

राइस घे. इंग्रजीत एकच शब्द. जपानीत कोमे म्हणजे तांदूळ, गोहान म्हणजे भात, आणि शेतात उभं असतं ते इने, म्हणजे आपली साळ. भात खाणाऱ्या लोकांना हे वेगळे लागतातच, कोकणातल्या माणसाला कोमे आणि गोहानमधला फरक शिकवायची गरज काय? आणि गोहान म्हणजे जेवण पण, आसागोहान सकाळचं, हिरुगोहान दुपारचं, बानगोहान रात्रीचं.

पाण्यात उलटं आहे. मिझु म्हणजे गार किंवा साधं पाणी, गरम झालं की ते मिझु राहतच नाही, ओयु होतं. मी पहिल्या आठवड्यात हॉटेलात 'आत्सुइ मिझु' मागितलं, ती बाई गोंधळून बघत राहिली, घसा बसलाय हे खुणा करून सांगितलं तेव्हा ओयु आलं.

पाव त्यांच्याकडे पण आहे, पान म्हणतात, आणि दोन्ही एकाच घरचे, पोर्तुगीजांनी दोन्हीकडे नेऊन टाकलेत. वडा-पान म्हणालास तरी निदान अर्धं समजेल. तंबाखू पण तिकडे ताबाको, तोच रस्ता. काताकानात लिहिलेले परदेशी शब्द मात्र जोरात वाचून बघायचे, डोळ्याने कळत नाहीत: एआकोन म्हणजे एसी, रिमोकोन म्हणजे रिमोट, कोन्बिनि म्हणजे चोवीस तास उघडं दुकान. फक्त अरुबाइतो इंग्रजीत शोधू नकोस, तो जर्मन आहे, पार्ट-टाइम काम.

माणसं मोजायची भीती घालतील तुला, हितोरि, फुतारि, सान्निन. अरे आपण तरी 'दोन माणसं' कुठे म्हणतो, दोघं, तिघं, चौघं म्हणतो की! पुस्तकं 'दोघं' नसतात हे तुला कोणी सांगावं लागत नाही. तसंच त्यांचं, कागदाला वेगळं, लांब वस्तूला वेगळं, आपल्यापेक्षा जरा जास्तच.

ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ. ओबासान म्हणजे काकू-मावशी आणि ओबाऽसान म्हणजे आजी, चाळिशीतल्या बाईंना चुकून लांबवलंस तर संपलं. बिरु इमारत, बीऽरु प्यायची. किते म्हणजे ये, कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट, आपल्या पका-पक्कासारखं.

'दाइजोऽबु' नुसतं 'ठीक आहे' म्हणून पाठ केलंस तर फसशील. दुकानात पिशवी हवी का विचारतात, 'दाइजोऽबु देस' म्हणजे 'राहू दे, नको'. आपल्या 'असू दे' सारखंच आहे ते, हो की नाही ते तोंडाकडे बघून कळतं.

आणि सगळ्यात आवडता. घरातून निघताना तिकडे म्हणतात 'इत्तेकिमास'. फोड कर, इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येतो. जाऊन येतो! 'जातो' म्हणायचं नाही ही आपल्या आजीची शिकवण त्यांच्याकडे पण आहे. घरातले म्हणतात 'इत्तेराश्शाइ', जाऊन ये हं. परदेशात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घशात काहीतरी अडकलं, खोटं नाही सांगत.

हे 'ते' रूप पुढे शिकशील तेव्हा अजून मजा आहे. ताबेते मिरु, खाऊन बघणे. ताबेते शिमाउ, खाऊन टाकणे. शिते ओकु, करून ठेवणे. इंग्रजीवाले यावर डोकं आपटतात, आपण चहा पीत पीत वाचायचं.

---

वाशी_खाडी

फॉलो करतोय. एन ५ ला पासिंग किती असतं? आणि परीक्षा कधी?

---

घणसोली_घुबड

१८० पैकी ८०. पण नुसते ८० पुरत नाहीत, शब्द-व्याकरण-वाचन मिळून १२० चा भाग आहे त्यात निदान ३८ आणि ऐकण्याच्या ६० पैकी निदान १९ लागतात, एकात कमी पडलास तर एकूण कितीही असो, नापास. ऐकण्यात आपली बोंब असते कारण क्लासात सगळे हळू बोलतात. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, फॉर्म काही महिने आधीच निघतात आणि बंद पण होतात, माझा एकदा असाच हुकलाय. नकारात्मक मार्क नसतात, त्यामुळे नि की दे कळलं नाही तरी काहीतरी गोल काळा करून ये.

---

ठाणेकर_गोंधळी

अपडेट देतो. या रविवारच्या टेस्टला २० पैकी १४. एक 'ओ' परत राहिला आणि 'पोहता येतं' ला घाईत 'ओ' घातला, म्हणजे एक कमी पडला आणि एक जास्त, हिशोब जुळला. वहीत सगळी क्रियापदं शेपटासकट परत लिहून काढतोय, चाळीस झाली. सरांना मिसळीचं सांगितलं तर ते म्हणाले हे पुढच्या बॅचला वापरतो, ताई तुमचं नाव नाही सांगितलं, सॉरी.

आणि आज सकाळी निघताना दारातून जोरात म्हणालो, "इत्तेकिमास!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "खिमा? आज गुरुवार आहे मेल्या."

---

नेरुळची_ताई

😂 आईंना 'इत्तेराश्शाइ' शिकव आता. सांगताना 'राशी' वर जोर दे, गुरुवारी तेवढं तरी पटकन लक्षात राहील.